चार मेणबत्त्या आणि एक चार्ली

बस चिपिंग नॉर्टनला पोचली तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. ऑक्सफर्डपासून वीसेक मैलांवरचं हे गाव. उतारावरचा बाजारचौक, मधाच्या रंगाच्या दगडाची घरं आणि खाली दरीत जुन्या ब्लिस लोकरगिरणीचं उंच धुराडं. छत्री मिटत आत्या पुढे निघाल्या. त्या १९७५ साली साताऱ्याहून नर्स म्हणून इंग्लंडला आल्या आणि ऑक्सफर्डच्या काउली भागात स्थिरावल्या, त्या कायमच्याच. मागून येणारा भाचा तिशीतला, पुण्यात मराठीतून स्टँडअप करणारा. इथल्या एका मराठी मंडळाने त्याला कार्यक्रमासाठी बोलावलं होतं. हाताशी दोन दिवस मोकळे होते, म्हणून आत्या त्याला इथे घेऊन आल्या होत्या.

"रॉनी बार्करचं दुकान या गावात होतं," आत्या म्हणाल्या. "जुन्यापुराण्या वस्तूंचं. 'द एम्पोरियम' नाव. टीव्ही सोडला आणि बायकोबरोबर दुकान चालवत बसला. त्या काळात मी दोनदा त्या दुकानावरून गेले."

"मग, भेटलीस त्याला?"

"आत गेलेच नाही. माणसाने दुकान उघडलंय म्हणजे त्याला गिऱ्हाईक हवंय, प्रेक्षक नकोत, असं वाटलं मला."

"मी गेलो असतो," भाचा म्हणाला. "सरळ आत जाऊन विचारलं असतं, का सोडलंत म्हणून."

दिवसभराच्या वादाला तिथेच तोंड फुटलं. आत्यांना न गेल्याची खंत नव्हती आणि भाच्याला ते पटत नव्हतं.

वादाचं कारण असलेला माणूस ब्रिटनच्या घराघरांत माहीत आहे, आपल्याकडे फारसा नाही. रॉनल्ड विल्यम जॉर्ज बार्करचा जन्म २५ सप्टेंबर १९२९चा, बेडफर्डचा. वडील तेलकंपनीत कारकून. मुलगा लहान असतानाच कुटुंब ऑक्सफर्डला आलं, तेही काउलीतच. शाळेनंतर त्याने सहाएक महिने वास्तुशास्त्र शिकून पाहिलं. आपला हात तेवढा चांगला नाही असं वाटलं आणि सोडलं. मग बँकेत चिकटला. बहीण त्याच बँकेत होती, तिने सोडलेली जागा याला मिळाली. संध्याकाळी हौशी नाटकं. नोव्हेंबर १९४८मध्ये, वय १९, आयल्सबरीच्या एका रेपर्टरी कंपनीत तो पगारी नट झाला. रेपर्टरी म्हणजे दर आठवड्याला नवं नाटक. दिवसा पुढच्या आठवड्याची तालीम, रात्री या आठवड्याचा प्रयोग. आज म्हातारा पाद्री, पुढच्या सोमवारी फौजदार. त्याची सगळी पुढची कमाई या घाण्यातून निघाली, असं आत्यांचं ठाम मत. ते खरंही दिसतं. नंतर चाळीस वर्षांत त्याने इतकी माणसं उभी केली, की त्यातला मूळचा कोण हे सांगणं लोकांना जमलं नाही.

भाच्याची तक्रार नेमकी हीच होती.

"काल रात्री तू मला त्याचं ते दुकानाचं प्रहसन दाखवलंस. हसलो मी. पण ते घड्याळ आहे आत्या. चाकाला चाक लागतं, काटा फिरतो. आत माणूस कुठे आहे?"

त्या प्रहसनाची तारीख ४ सप्टेंबर १९७६. 'द टू रॉनीज' या बीबीसीच्या कार्यक्रमातलं ते सर्वांत गाजलेलं प्रहसन. एक हार्डवेअरचं दुकान, तपकिरी डगल्यातला बुटका दुकानदार म्हणजे रॉनी कॉर्बेट, आणि यादी घेऊन आलेलं जाडजूड गिऱ्हाईक म्हणजे बार्कर. गिऱ्हाईक काहीतरी मागतं, दुकानदार ऐकतो 'फोर कँडल्स'. आत जातो, चार मेणबत्त्या आणून ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, तसं नाही, फावड्या-काट्यांना लावायचे दांडे हवेत, 'फोर्क हँडल्स'. पण हे गिऱ्हाईक साध्या वस्तीतलं, त्याच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गळतो, म्हणून 'हँडल्स'चं 'अँडल्स' होतं आणि सगळा घोटाळा होतो. पुढे ते नुसतं 'ओज' मागतं. दुकानदार कुदळीसारखं 'हो' हे बागेतलं अवजार आणतो, मग पाण्याची नळी म्हणजे 'होज' आणतो, मग बायकांचे पायमोजे आणतो, कारण त्यांनाही होजच म्हणतात. अखेर कळतं की फाटकावर घराचं नाव लावायचंय, त्यासाठी 'ओ' अक्षरं हवीत. दुकानदार शिडी लावून अक्षरांचं खोकं काढतो, देतो, शिडी लावून परत ठेवतो. तेवढ्यात गिऱ्हाईक 'पीज' मागतं. आता आपण शहाणे झालो, अशा चेहऱ्याने दुकानदार पुन्हा शिडी लावतो, 'पी' अक्षरांचं खोकं खाली आणतो. गिऱ्हाइकाला हवे असतात डब्यातले मटार.

"घड्याळ म्हणालास ना," आत्या म्हणाल्या. "मला ते पहिल्यांदा कळलंसुद्धा नव्हतं. इथे येऊन वर्षच झालेलं. वॉर्डात शनिवारी रात्री टीव्ही चालू असायचा, प्लॅस्टरमध्ये पाय टांगलेले पेशंट खदाखदा हसत होते आणि मी थर्मामीटर घेऊन मख्ख उभी. आपण शाळेत जे इंग्रजी शिकलो त्यात 'ह' कुठे गळतो? दुसऱ्या दिवशी तिथल्या एका सिस्टरने मला फळ्यावर लिहून दाखवलं. त्या दिवसापासून मला पेशंटचं बोलणं कळायला लागलं. 'अँड' म्हणाला की हात दुखतोय, 'अर्ट' म्हणाला की छाती. तुझं घड्याळ माझ्या कामाला आलं."

भाचा हसला, पण मुद्दा सोडला नाही. "ते भाषेचं झालं. मी त्याच्याबद्दल विचारतोय. आज कोणीही मंचावर उभा राहतो तेव्हा लोक विचारतात, तुझं काय? तुझ्या घरातलं, तुझ्या अंगावरचं सांग. माणूस स्वतःला पणाला लावतो. या माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःला पणाला लावलं का?"

बार्कर स्वतः म्हणून लोकांसमोर उभा राहायला घाबरायचा, ही गोष्ट त्याने कधी लपवली नाही. 'द टू रॉनीज' नीट पाहिलं की ते दिसतं. १९७१ ते १९८७ चाललेल्या या कार्यक्रमात सुरुवातीला दोघे बातम्या वाचणाऱ्यांच्या टेबलामागे बसत, हातात कागद घेऊन. मोठ्या खुर्चीत बसून प्रेक्षकांशी घरगुती गप्पा मारायचं काम कायम कॉर्बेटचं. बार्करच्या वाट्याला जी स्वगतं येत, ती कुठल्या तरी काल्पनिक मंडळाच्या अध्यक्षाची किंवा सरकारी प्रवक्त्याची असत. एक अध्यक्ष तर उच्चार बिघडणाऱ्या लोकांच्या संघटनेचा, आणि त्याचेच उच्चार बिघडलेले. मिशी, चष्मा, टाय, वेगळा आवाज. एवढं अंगावर चढलं की बार्कर अडखळत नसे. ते उतरवलं की घाम फुटे.

चौकातल्या एका चहाच्या दुकानात दोघे बसले. आत्यांनी स्कोन मागवले, आणि मग ती गोष्ट सांगितली जी त्यांनी सकाळपासून राखून ठेवली असावी.

१९५०च्या सुमारास बार्कर एका मूकनाट्य कंपनीबरोबर दौऱ्यावर होता. कंपनी पार इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्सला बुडाली. काम नाही, पैसे नाहीत. तो ऑक्सफर्डला परतला आणि हेडिंग्टनच्या विंगफील्ड रुग्णालयात पोर्टर म्हणून लागला. स्ट्रेचर ढकलायचं, पेशंट उचलून ठेवायचे. पोलिओची लस यायला अजून काही वर्षं होती. वॉर्डात पोलिओ झालेले रुग्ण होते, त्यातले कितीतरी कोवळ्या वयाचे. त्या तरुण पोर्टरला ते सोसेना. मग त्याने एक चार्ली नावाचा माणूस तयार केला. कामावर आला की तो बार्कर नसायचा, चार्ली असायचा. चार्ली हसतखेळत वॉर्डात शिरायचा, एका नर्सबरोबर पेशंटांपुढे सोंगं करायचा.

"त्याच रुग्णालयात मी पुढे एकवीस वर्षं काढली," आत्या म्हणाल्या. "नाव बदललं होतं, नफील्ड ऑर्थोपेडिक म्हणतात आता. मला ही गोष्ट खूप उशिरा कळली. आणि कळली तेव्हा मी रडले, कारण आम्ही सगळ्याच तेच करायचो. घरून निघताना मी तुझी आत्या असायचे. वॉर्डाच्या दारात ॲप्रन बांधला की दुसरीच कोणीतरी. ती दुसरी खंबीर होती, ती गाणी म्हणायची, ती विनोद करायची. घरच्या बाईला ते जमलं नसतं. तू म्हणतोस, त्याने स्वतःला लपवलं. अरे, लपवलं म्हणून तर तो त्या पोरांजवळ उभा राहू शकला."

भाचा काही वेळ गप्प होता. बाहेर चौकात एक बाई कुत्र्याचे ओले पाय पुसत होती.

"हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "पण आत्या, पोर्टरला चार्ली लागतो, समजू शकतो मी. नंतर? नंतर तर हा माणूस देशाचा लाडका होता. तेव्हाही नाव बदलून लिहायची काय गरज?"

त्याचा रोख जेराल्ड वायलीकडे होता. १९६६च्या 'द फ्रॉस्ट रिपोर्ट'मध्ये बार्कर पहिल्यांदा सगळ्या देशाला दिसला. उंच जॉन क्लीज, मध्यम बार्कर आणि पाच फूट एक इंचाचा कॉर्बेट एका ओळीत उभे राहून वरचा, मधला आणि खालचा वर्ग कोण कोणाकडे मान वर करून बघतो ते सांगतात, ते प्रहसन आजही ब्रिटनमधल्या वर्गभेदाचा विषय निघाला की दाखवलं जातं. त्यानंतर त्याच निवेदकाच्या, डेव्हिड फ्रॉस्टच्या, दुसऱ्या कार्यक्रमासाठी जेराल्ड वायली नावाच्या कुणा अनोळखी लेखकाची प्रहसनं एजंटामार्फत यायला लागली. चांगली होती. सगळ्यांना कुतूहल, हा कोण? नाटककार टॉम स्टॉपर्ड असेल, कुणी म्हणे विनोदी लेखक फ्रँक म्युर. बार्कर तालमीत वायलीच्या लिखाणावर टीका करायचा, एखादं नापासही करायचा. कॉर्बेटला डॉक्टरच्या वेटिंगरूमवरचं एक प्रहसन फार आवडलं, त्याने हक्क मागितले. एजंटाने तीन हजार पौंड सांगितले. बार्करनेच कॉर्बेटला सल्ला दिला, फार आहेत, देऊ नकोस. पुढे वायलीने ते फुकट देऊन टाकलं. अखेर एकदा वायली सगळ्यांना भेटणार असा निरोप आला. स्टुडिओसमोरच्या चिनी रेस्टॉरंटमध्ये मंडळी जमली, दाराकडे बघत बसली. बार्कर उठून म्हणाला, तो मीच. पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसला नाही. 'फोर कँडल्स'वरही लेखक म्हणून जेराल्ड वायलीच आहे.

"गरज होती," आत्या म्हणाल्या. "नटाने लिहिलेलं म्हटलं की लोक तोंडावर गोड बोलतात. त्याला खरं मत हवं होतं. चांगलं असेल तर घ्या, नसेल तर फेका."

"मग ज्याने ते नापास केलं तोही तोच होता ना? दोन्ही बाजूंनी तोच खेळला. आणि १९८८ची ती शेवटची मालिका, 'क्लॅरन्स'. तोवर वायली कोण ते जगाला माहीत होतं, तर त्याने नवं नाव घेतलं, बॉब फेरिस. ही परीक्षा नाही आत्या, ही सवय आहे. सापडलो तर काय, अशी भीती."

इथे भाच्याचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. एकदा नाव लपवलं तर त्यात न्यायाची चाड दिसते. आयुष्यभर नवी नवी नावं घेतली तर दुसरं काहीतरी दिसायला लागतं. बार्करने मूकपटांच्या धर्तीचे छोटे चित्रपट लिहिले, तिथेही काहींवर वेगळी नावं. आत्यांनी यावर लगेच उत्तर दिलं नाही. त्या चहात साखर ढवळत राहिल्या आणि मग त्यांनी 'पॉरिज' काढलं.

१९७३मध्ये बीबीसीने बार्करला सात वेगवेगळे विनोदी नाट्यप्रयोग दिले, प्रत्येकात तो वेगळा माणूस. त्या सातांतून दोन अजरामर मालिका निघाल्या. त्यातली एक 'पॉरिज', १९७४ ते १९७७. लेखक डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने. नॉर्मन स्टॅन्ली फ्लेचर हा लंडनचा सराईत भुरटा चोर, पाच वर्षांसाठी स्लेड नावाच्या तुरुंगात. पॉरिज म्हणजे ओटची लापशी; इंग्लंडमध्ये जेलची हवा खाण्याला 'डूइंग पॉरिज' म्हणतात, त्यावरून नाव. फ्लेचरला मोठी सुटका नको आहे, बंड करायचं नाही. पहारेकऱ्यांवर रोज एक बारीकसा विजय मिळाला तरी त्याचा दिवस सार्थकी लागतो. कधी एक अननसाचा डबा, कधी एक रात्र एकट्याची कोठडी. पहिल्याच सत्रात एक भाग आहे ज्यात काही घडतच नाही. रात्र. कोठडीचं दार बंद झालेलं. वरच्या खाटेवर एक, खालच्या खाटेवर दुसरा. एक मध्यमवयीन फ्लेचर आणि दुसरा पहिल्यांदाच आत आलेला लेनी गॉडबर, रिचर्ड बेकिनसेलने केलेला. अर्धा तास दोघे नुसते बोलतात. पोराला झोप येत नाही, त्याला भिंती अंगावर येतायत, आणि फ्लेचर कुरकुरत, टोमणे मारत त्याला पहाटेपर्यंत नेऊन सोडतो. बार्कर त्यात आवाज कुठेच मोठा करत नाही. एकदा पोराकडे बघतो आणि नजर काढून घेतो. काही बोलायचं होतं, ते गिळलेलं दिसतं.

बेकिनसेल मार्च १९७९मध्ये गेला. एकतीस वर्षांचा होता.

"तो भाग बघताना मला कधी विचारावंसं वाटलं नाही, की यात बार्कर कुठे आहे," आत्या म्हणाल्या. "तो फ्लेचर माझ्या वॉर्डातला म्हातारा होता. शेजारच्या खाटेवरच्या पोराला रात्रभर शिव्या देत देत जागवणारा. मी त्याला ओळखत होते."

भाच्याने मान हलवली. 'पॉरिज'पुढे त्याचं काही चालत नव्हतं हे त्याने मान्य केलं. एक गोष्ट मात्र त्याने लक्षात आणून दिली. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला जडशीळ दारं एकामागून एक बंद होतात आणि न्यायाधीश फ्लेचरला शिक्षा सुनावतो. तो न्यायाधीशाचा आवाजही बार्करचाच आहे. "आरोपी तोच, न्यायाधीश तोच. हे तर तूच सांगितलंस काल."

आणि मग तो त्या मालिकेवर आला जिच्याबद्दल बोलायचं त्याने टाळलं असतं तर आत्यांनीही टाळलं असतं.

'ओपन ऑल अवर्स'. सातांतलं दुसरं अपत्य, लेखक रॉय क्लार्क, १९७६ ते १९८५ मधली चार सत्रं. डॉनकास्टरमधला कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आर्कराइट, चिक्कू, गल्ल्यातला स्प्रिंगचा खण बोटं तोडील म्हणून त्याला घाबरणारा, समोरच्या नर्स ग्लॅडिसवर जीव टाकणारा. भाचा ग्रॅनव्हिल म्हणजे डेव्हिड जेसन, जो बार्करला आयुष्यभर गुरू मानत आला. आर्कराइट बोलताना अडखळतो. क्लार्कच्या संहितेत ते नव्हतं, ते बार्करने आणलं. चेशरमधल्या एका रेपर्टरी कंपनीत ग्लेन मेल्विन नावाच्या नटाने त्याला ते तंत्र शिकवलं होतं.

"ते मला बघवत नाही," भाचा म्हणाला. "माझ्या शाळेत बाकावरची पोरं माझी अशीच नक्कल करायची. अशीच. डोळे मिटून, जबडा पुढे काढून. ती नक्कल कुणी सुंदर केली म्हणून मला काय? कोट्यवधी लोक एका अडखळणाऱ्या माणसाला हसले. तो स्वतः अडखळत असता तर गोष्ट वेगळी होती. मी माझं सांगतो तेव्हा ते माझं असतं."

भाचा लहानपणी फार अडखळायचा. 'प', 'ब' आणि 'क' त्याच्या घशात अडकून बसत. त्याच्या कार्यक्रमात यावरच बारा मिनिटांचा भाग आहे आणि पुण्यात तो गाजलेला आहे.

आत्यांनी बचाव केला नाही. काही गोष्टी जुन्या झाल्या आहेत हे त्यांना मान्य होतं. १९८०मध्ये 'द टू रॉनीज'मध्ये 'द वर्म दॅट टर्न्ड' नावाची मालिका होती. बायकांच्या हाती राज्य गेलंय आणि पुरुषांना झगे घालावे लागतायत, हाच सगळा विनोद. त्या म्हणाल्या, तेव्हाही ते त्यांना खटकलं होतं. १९८२मध्ये 'नॉट द नाइन ओक्लॉक न्यूज'मधल्या तरुण मंडळींनी दोघा रॉनींची नक्कल करून, तुमचे विनोद कमरेखालचे आणि शिळे आहेत असं दाखवलं, तेव्हा बार्कर दुखावला होता. "दुखावला, कारण त्यात तथ्य होतं," आत्या म्हणाल्या. "ते मी नाकारत नाही. पण आर्कराइट नीट बघ एकदा. शब्द अडकतो तेव्हा तो लाजत नाही. घाई करत नाही. समोरच्याला थांबावं लागतं. दुकान त्याचं आहे, शब्द त्याचा आहे, बाकीचे ताटकळत उभे. तू लहान असताना फोन करायचास ना मला, तेव्हा परदेशी कॉलचा मिनिटाचा दर किती होता माहितेय? तुझे बाबा मागून ओरडायचे, लवकर बोल. आणि मी इकडून म्हणायचे, त्याला बोलू दे."

भाच्याने नजर खिडकीकडे वळवली. पटलं असं त्याने म्हटलं नाही. आणि ते पटायलाच हवं असंही नाही. ज्याची नक्कल झाली आहे त्याने नकलाकाराला माफ करावं, हा आग्रह धरायचा अधिकार प्रेक्षकाला नाही.

परतीच्या बसमध्ये विषय निवृत्तीचा निघाला. बार्करने १९८७चा नाताळचा कार्यक्रम करून निवृत्ती घेतली. 'क्लॅरन्स' त्याआधीच तयार होती, ती काही दिवसांनी लागली. वय ५८. कॉर्बेटला त्याने बरंच आधी सांगून ठेवलं होतं. रक्तदाब होता, हृदयाची काळजी होती, लिहिण्यासारखं संपत आलंय असं वाटत होतं. पीटर हॉल हा ऑक्सफर्ड प्लेहाउसपासूनचा दिग्दर्शक. त्याने नॅशनल थिएटरसाठी शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ देऊ केला, तोही नको म्हणाला. पुढची दहाएक वर्षं पत्नी जॉयसह दुकान चालवलं, बहुतेक तोट्यात, आणि १९९९मध्ये विकलं. जुनी सचित्र पोस्टकार्डं जमवायचा, हजारोंनी.

"प्रेक्षकाला उपाशी ठेवून उठून जाणं," भाचा म्हणाला, "मला हा अहंकार वाटतो. फॉल्स्टाफ! विचार कर. इंग्रजीतला सगळ्यात मोठा विनोदी माणूस, आणि याला तो करता आला असता. मोडला असता, पडला असता, तरी चाललं असतं. लोकांनी बघितलं असतं."

"तुला पडलेला बघायला आवडलं असतं. मला नाही. मी एकवीस वर्षं पडलेली माणसं उचलली आहेत." एवढं बोलून आत्या थांबल्या. थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाल्या, "फॉल्स्टाफची मात्र चुटपुट मलाही आहे."

वुडस्टॉक मागे पडलं. आत्यांनी अचानक विचारलं, "तुझी ती बारा मिनिटं. ती म्हणताना तू कधी अडखळतोस?"

"नाही. मंचावर नाही. तिथे जे अडखळणं आहे ते ठरवून घेतलेलं, पाठ केलेलं. का?"

"आणि आज सकाळी बसमध्ये तिकीट मागताना काउली म्हणता येईना, म्हणून मला पुढे केलंस."

भाचा गप्प.

"तिथे उभा असतो तो कोण मग?"

यावर तो चिडला, आणि चिडल्यावर नेहमीप्रमाणे त्याचं बोलणं अधिकच अडायला लागलं. मंचावरचा तो मीच, असं त्याचं म्हणणं होतं. मी लोकांना माझं नाव सांगून, माझी गोष्ट म्हणून सांगतो, टोपणनावाआड बसत नाही. हा फरक खरा आहे. पण पाठ केलेलं अडखळणं आणि बसमध्ये तिकीट मागतानाचं अडखळणं यांच्यामध्ये जी जागा आहे, तिथे कोणीतरी उभं असतं, हे त्यालाही ऐकू आलं असणार, कारण ऑक्सफर्ड येईपर्यंत त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

रात्री स्वयंपाकघरात आत्यांनी पिठलं टाकलं. भाकऱ्या थापताना त्यांनी ॲबीतली गोष्ट सांगितली. बार्कर ३ ऑक्टोबर २००५ला गेला, वय ७६. पुढच्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत स्मरणसभा झाली, दोनेक हजार लोक आले. तिथे क्रूस मिरवत आणतात तेव्हा दोन्ही बाजूंना मिळून दोन मेणबत्त्या असतात. त्या दिवशी चार होत्या. इतक्या जुन्या देवळात, इतक्या गंभीर वेळी, सगळ्यांना तो विनोद कळला आणि कुणालाच तो वावगा वाटला नाही.

"सकाळपासून तू एकदाही त्याचं नाव घेतलं नाहीस," आत्या तव्याकडे बघत म्हणाल्या. "हा माणूस, तो माणूस. 'ब' आहे म्हणून ना?"

भाचा ताट हातात घेऊन उभा होता. त्याने ताट ओट्यावर ठेवलं. ओठ मिटले, मानेची शीर ताठली. आत्यांनी भाकरी उलटली आणि पुढची थापायला घेतली नाही. घड्याळ टिकटिकत होतं. भाकरी फुगून वर आली, मग बसली.

"ब… ब… बार्कर," तो म्हणाला, आणि लगेच पुढे, "बार्करने २००५मध्ये परत टीव्हीवर यायचं का ठरवलं? सोडलं होतं ना?"

"जुन्या प्रहसनांचा कार्यक्रम केला दोघांनी. परत त्याच टेबलामागे, शेजारी शेजारी. त्याचा नाताळचा भाग जुलैत चित्रित केला."

"जुलैत?"

"डिसेंबरपर्यंत जमेल असं वाटत नव्हतं. तब्येत ढासळली होती." आत्यांनी भाकरी त्याच्या ताटात ठेवली. "तो भाग डिसेंबरात लागला तेव्हा तो जाऊन अडीच महिने झाले होते. मी रात्रपाळीची झोप सोडून बघत बसले. खूप वाळला होता. पण हातात कागद होता, टेबल होतं, शेजारी कॉर्बेट होता. एकदाही चुकला नाही."

"तुझ्याकडे आहे तो?"

"आहे. आधी जेव."